पुढचा दात बसवला, टिकलाही. पण दहा वर्षांनी दिसेल कसा?

दाढ पडली तर माणूस दुसऱ्या बाजूने चावतो आणि महिनोन्‌महिने चालढकल करतो. पुढचा दात पडला की मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठतो. हसताना हात आपोआप तोंडावर जातो, बोलताना हवा निसटते, शाळेत पोरे चिडवतात आणि घरात लग्नाच्या वयाचे कोणी असेल तर मोठी माणसे धास्तावतात. मोटारसायकलवरून पडणे, क्रिकेटचा चेंडू लागणे, खूप वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलेला दात एक दिवस मोडणे, पायरियाने दात हलून पडणे अशी कारणे अनेक असतात. त्यावर हल्ली सर्रास ऐकू येणारा सल्ला एकच असतो : "इम्प्लांट करून टाका, कायमचा दात बसतो."

हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. 'कायमचा' या शब्दात दोन प्रश्न दडलेले आहेत. बसवलेला दात टिकेल का, हा पहिला प्रश्न. तो तसाच शोभून दिसत राहील का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'होय' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र रुग्णाचे वय, हाड, हिरडी आणि डॉक्टरांचे नियोजन यांवर अवलंबून असते. दाढेच्या बाबतीत दुसरा प्रश्न फारसा महत्त्वाचा नसतो. पुढच्या दाताच्या बाबतीत तोच खरा प्रश्न आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पुढच्या दाताचे रोपण करताना 'दहा वर्षांनी हे कसे दिसेल?' याची चर्चा पहिला पैसा भरण्यापूर्वी व्हायला हवी. डॉक्टरांनी ती आपणहून करावी. न केल्यास रुग्णाने विचारावे.

रोपण म्हणजे काय?

जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा एक लहान स्क्रू बसवतात. काही आठवडे ते काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते. मग त्यावर एक जोडभाग आणि त्याच्यावर दाताच्या रंगाची कॅप बसते. स्क्रू हे दाताचे मूळ आणि कॅप हा त्याचा दिसणारा भाग, असे समजावे.

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे या शास्त्राचे जनक. १९५२ साली सशांच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाशी एकजीव झाल्यासारखे चिकटते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९६५ मध्ये गोटेनबर्ग येथे त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ साली वारला, तोवर म्हणजे चाळीस वर्षे ते दात त्याच्या कामी आले. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्य झाली.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण पूर्ण बोळके झालेले होते. त्यांना घट्ट बसणारे आणि चावता येणारे दात हवे होते. त्यामुळे यशाच्या कसोट्याही तशाच ठरल्या. १९८६ साली मांडलेल्या आणि पुढे वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या कसोट्या अशा : स्क्रू हलू नये, दुखू नये, एक्स-रेमध्ये त्याच्या भोवती काळी रेघ दिसू नये आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. दात दिसतो कसा, हिरडी शेजारच्या दाताशी जुळते का, यांना त्या यादीत जागा नव्हती. म्हणजे स्क्रू भक्कम, एक्स-रे उत्तम, आणि तरीही रुग्ण आरशात पाहून हिरमुसलेला, असे होऊ शकते आणि कागदोपत्री ते 'यश'च ठरते.

दात आहे म्हणून हाड आहे

पुढच्या वरच्या दातांच्या ओठाकडील बाजूला जे हाड असते ते फार पातळ असते. बहुतेक माणसांत त्याची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. हे हाड दाताच्या आधाराने जगते. दात काढला की त्याचे काम संपते आणि ते विरघळू लागते. दात काढल्यानंतर वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून दात पडलेल्या जागी बोट फिरवले की खळगा लागतो.

हिरडी ही हाडावर अंथरलेल्या चादरीसारखी असते. खाली हाड खचले की वरची चादरही खाली बसते. रोपणाच्या ओठाकडील बाजूला पुरेसे, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाडीचे हाड नसेल, किंवा स्क्रू थोडा जरी ओठाकडे झुकलेला बसला, तर काही वर्षांत तिथली हिरडी वर सरकते. मग बसवलेला दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसू लागतो. हिरडी पातळ असेल तर आतल्या धातूची करडी छटाही बाहेरून जाणवते.

दोन दातांच्या मधे हिरडीचे जे लहान त्रिकोणी टोक असते, त्याचीही अशीच गोष्ट. तेथील हाड आणि दोन दात एकमेकांना टेकतात ती जागा, यांत पाच मिलिमीटरपर्यंत अंतर असेल तर ते टोक भरलेले राहते. अंतर वाढले की टोक आखडते आणि तिथे काळा त्रिकोण दिसतो. एका दाताच्या रोपणात शेजारच्या नैसर्गिक दातांचे हाड शाबूत असेल तर हे टोक बहुधा चांगले राहते. मात्र शेजारीशेजारी दोन दात गेले असतील आणि दोन्ही ठिकाणी स्क्रू बसवले, तर मधले टोक राखणे निष्णात डॉक्टरांनाही अवघड जाते. अशा वेळी 'अगदी पहिल्यासारखे दिसेल' असे आश्वासन कोणी दिले तर सावध व्हावे.

शेजारचे दात जागचे हलतात

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि नेमका हाच रुग्णांना फारसा सांगितला जात नाही. आपले नैसर्गिक दात हाडात गच्च रोवलेले नसतात. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. त्यामुळे दात आयुष्यभर किंचित खाली उतरत, सरकत राहतात. जबडाही वयानुसार थोडा थोडा बदलतो. रोपण मात्र हाडाशी जखडलेले असते. ते जिथे बसवले तिथेच राहते. गाडीच्या डब्यात सगळे प्रवासी थोडे पुढे सरकले आणि एकजण जागेवरच बसून राहिला की रांग मोडते, तसेच तोंडात होते. दहा-पंधरा वर्षांनी शेजारचे दात खाली आलेले आणि रोपणाचा दात मात्र वर राहिल्यासारखा, आखूड दिसतो.

वाढीच्या वयात हा फरक फार मोठा पडतो हे पूर्वीपासून ठाऊक होते. पण वाढ पूर्ण झाली की धोका संपला, अशी समजूत होती. जिनिव्हा येथील संशोधकांनी २००४ साली तरुण आणि चाळीस ते पंचावन्न वयाचे प्रौढ असे दोन्ही गट तपासले. रोपणाशेजारचे दात दोन्ही गटांत खाली उतरलेले आढळले. काहींत अगदी थोडे, तर काहींत दीड मिलिमीटरहून अधिक. दीड मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटते. पण समोरच्या दोन दातांच्या कडांत तेवढा फरक असेल तर तो पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही दिसतो.

याशिवाय रंगाचा प्रश्न आहेच. नैसर्गिक दात वयाबरोबर पिवळसर होतात, झिजतात. चिनी मातीची कॅप मात्र जशीच्या तशी राहते. म्हणजे पहिल्या दिवशी तंतोतंत जुळलेला रंग पुढे जुळेलच असे नाही. स्क्रू तोच ठेवून कॅप नवी करता येते, पण तो खर्च वेगळा. हेही आधी सांगायला हवे.

सोळाव्या वर्षी घाई नको

शाळकरी मुलाचा दात खेळताना पडतो आणि आईवडील म्हणतात, "डॉक्टर, पैशाचे बघू, पण कायमचा दात बसवून द्या." त्यांची तळमळ समजते. पण वाढ पूर्ण होण्यापूर्वी पुढच्या जागी रोपण करणे म्हणजे पुढची अडचण आजच विकत घेणे होय. मुलींमध्ये साधारण सतरा-अठरा आणि मुलांमध्ये वीस-एकवीस वर्षांपर्यंत थांबणे बरे. तेव्हाही नुसते वय न पाहता वाढ खरोखर थांबली आहे का हे तपासावे लागते. थांबता आले तर त्याहून अधिक थांबण्यातही तोटा नाही.

तोपर्यंत मुलाने तसेच फिरावे असे नाही. काढता-घालता येणारी एका दाताची प्लेट हा स्वस्त उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे शेजारच्या एकाच दाताला मागून चिकटवायचा एका पंखाचा ब्रिज. यात शेजारचा दात फारसा घासावा लागत नाही. जर्मनीतील कील येथे मॅथियास केर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पुढच्या दातांचे ब्रिज दहा वर्षे पाहिले, तेव्हा सुमारे ९८ टक्के टिकून असल्याचे दिसले. आपल्याकडे हा पर्याय अनेक रुग्णांच्या कानावरही पडत नाही, याचे वाईट वाटते. तरुणांसाठी आणि काही प्रौढांसाठीही तो रोपणाच्या तोडीचा ठरू शकतो.

येथेच एक सूचना. कायमचा दात मुळासकट निखळून पडला तर तो फेकू नका. वरच्या टोकाला धरून उचला, माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने अलगद विसळा, मूळ घासू नका. शक्य असल्यास लगेच खोबणीत परत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. नाहीतर दुधात ठेवून तातडीने दंतवैद्याकडे जा. अर्ध्या तासाच्या आत दात जागेवर गेला तर तो जगण्याची आशा चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. स्वतःच्या दाताइतका शोभणारा दात दुसरा नाही.

रुग्ण समाधानी, डॉक्टर नाराज!

इतके वाचल्यावर कोणाला वाटेल की रोपण केलेले सगळे लोक पस्तावलेले असतील. वस्तुस्थिती उलट आहे. १९९९ साली गोटेनबर्ग येथील अभ्यासात पुढच्या रोपणाच्या दातांना रुग्णांनी आणि कृत्रिम दातांच्या तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे गुण दिले. रुग्णांचे गुण तज्ज्ञांपेक्षा जास्त निघाले. नंतरच्या अभ्यासांतही साधारण हेच चित्र दिसते. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हिरडीच्या सौंदर्यासाठी गुणपद्धती तयार केली. तिच्यात सात मुद्दे आणि एकूण चौदा गुण आहेत. या पद्धतीने डॉक्टर ज्याला जेमतेम पास करतात, तो दात घेऊन रुग्ण खुशाल हसत असतो.

याचे कारण उघड आहे. डॉक्टर पाहतो तो एक दात, ओठ बाजूला ओढून, दिव्याच्या उजेडात. रुग्ण पाहतो तो आपला चेहरा. त्याच्या मनात तुलना असते ती फटीशी किंवा जिभेला सलणाऱ्या प्लेटशी. शिवाय बऱ्याच जणांचा वरचा ओठ हसताना हिरडीची कड झाकून ठेवतो. हिरडी दोन मिलिमीटर सरकली तरी ती दिसणार कोणाला? म्हणून रुग्ण समाधानी असेल तर 'तुमची हिरडी जरा बिघडली आहे, पुन्हा शस्त्रक्रिया करू' असे सांगून त्याच्या मनात किडा सोडण्याचे काम डॉक्टरांनी करू नये. आजार असेल तर जरूर सांगावे. केवळ गुण कमी पडले म्हणून नव्हे.

मग काही जण विचारतील, रुग्ण खूष आहेत तर एवढी चर्चा कशाला? तर ती याकरिता की, समाधानाचा आकडा हा सरासरीचा असतो आणि दात एकेका माणसाचा असतो. हसताना हिरड्या पूर्ण दिसणारी, पातळ हिरडीची बावीस वर्षांची मुलगी त्या सरासरीत बसत नाही. अभ्यास बहुधा पाच-दहा वर्षांचे असतात आणि तिला तो दात पन्नास वर्षे वागवायचा आहे. शिवाय अभ्यासात मोजले जातात ते तपासणीला येणारे रुग्ण. रागावून दुसरीकडे गेलेला रुग्ण त्या आकड्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट. तोच दोन मिलिमीटरचा फरक, ज्याला आधी सांगितले होते तो म्हणतो, "डॉक्टर म्हणाले होतेच." ज्याला 'हुबेहूब आणि कायमचा' असे सांगितले होते तो म्हणतो, "मला फसवले." दात एकच, समाधान वेगळे. म्हणूनच समाधानाचा पाया शस्त्रक्रियेच्या खोलीत नव्हे, तर त्याआधीच्या बोलण्यात घातला जातो, असे मी मानतो. 'एका दिवसात कायमचे दात' अशा पाट्या लावून आमच्याच व्यवसायाने लोकांच्या अपेक्षा नको तितक्या फुगवल्या आहेत. त्या खाली आणण्याची जबाबदारीही आमचीच आहे.

काय विचारावे, काय पाहावे?

पुढच्या दाताचे रोपण करण्याचे ठरवत असाल तर डॉक्टरांना पुढील गोष्टी निःसंकोच विचारा.

माझ्या ओठाकडील हाडाची जाडी किती आहे? हे साध्या एक्स-रेत कळत नाही. त्यासाठी त्रिमितीय स्कॅन लागतो. हाड कमी असेल तर ते भरावे लागेल का आणि त्याचा खर्च किती?

दात काढल्याबरोबर स्क्रू बसवणार की थांबून? लगेच बसवणे नेहमीच चुकीचे नाही, पण ओठाकडील हाड शाबूत आणि हिरडी जाड असलेल्यांनाच ते मानवते. इतरांनी एक-दोन महिने किंवा त्याहून अधिक थांबणे हिताचे असते.

मी मोकळेपणाने हसलो की हिरडी किती दिसते? आरशासमोर डॉक्टरांबरोबर उभे राहून हे पाहा. उपचारापूर्वी आणि नंतर फोटो काढून ठेवायला सांगा. पुढे मागे बोलायची वेळ आली तर फोटोसारखा साक्षीदार नाही.

हिरडी सरकली, दात आखूड दिसू लागला किंवा कॅप फुटली तर काय करता येईल आणि खर्च कोणाचा? सरकलेली हिरडी कलम करून झाकता येते, पण ते दर वेळी जमेलच असे नाही. कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मापाचा स्क्रू बसवला याची लेखी नोंद घ्या. गाव बदलले तर पुढच्या डॉक्टरला तीच उपयोगी पडते.

आणि शेवटचे, रोपणाशिवाय मला दुसरा पर्याय कोणता? शेजारच्या दातांना आधीच कॅप असतील तर साधा ब्रिज बरा ठरू शकतो. या प्रश्नावर डॉक्टर चिडले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

बसवल्यानंतरची जबाबदारी

रोपणाच्या दाताला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला पायरियासारखा आजार होतो आणि हाड खाल्ले जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या पाहणीत, नऊ वर्षांनी सुमारे १४.५ टक्के रुग्णांत हा आजार मध्यम किंवा तीव्र स्वरूपात आढळला. दातांची इतकी काळजी घेणाऱ्या देशाची ही गत. मग मिश्री, तंबाखू, विडी आणि आटोक्यात नसलेला मधुमेह असलेल्यांनी किती जपायला हवे, हे वेगळे सांगायला नको. तोंडात आधीच पायरिया असेल तर प्रथम त्यावर उपचार, मग रोपण, हा क्रम मोडू नये. दोन वेळा मऊ ब्रश, दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश किंवा दोरा आणि वर्षातून एकदोनदा तपासणी, हे 'कायमच्या' दाताचे कायमचे देणे आहे. हिरडीतून रक्त किंवा पू आला, तर दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका. हा आजार बहुधा न दुखताच वाढतो.

पुढच्या दाताचे रोपण हा आजच्या दंतशास्त्राचा एक उत्तम उपाय आहे, याबद्दल शंका नाही. योग्य वयात, योग्य हाडात, नीट विचार करून बसवलेला दात माणसाला मोकळेपणाने हसायला लावतो. पण दात बसवून मिळतो, हिरडी बाजारात मिळत नाही. म्हणून दवाखान्यात गेल्यावर 'किती पैसे?' आणि 'किती दिवस?' या दोन नेहमीच्या प्रश्नांच्या आधी तिसरा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या : "डॉक्टर, दहा वर्षांनी हा दात कसा दिसेल?" जे डॉक्टर या प्रश्नाला थांबून, फोटो-स्कॅन समोर ठेवून, अडचणींसकट उत्तर देतील, त्यांच्या हाती आपला दात सोपवायला हरकत नाही.